आधी ओहम, मग वेढे

व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, कॉइल वळायला शिकू पाहणारा नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हमखास वेढ्यांचा. किती वेढे घेऊ? पाच, सात की नऊ? पण तार कोणत्या धातूची, किती जाड, केवढ्या दांडीवर वळायची, एक कॉइल बसवायची की दोन आणि मुख्य म्हणजे वीज पुरवणारा सेल किती अँपिअर झेलतो, हे ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही. या पुस्तकात वेढे मोजायची वेळ येते ती चौथ्या प्रकरणात. त्याआधीची तीन प्रकरणं मीटर, सेल आणि तार यांच्यावर खर्ची पडली आहेत. उतावळ्या वाचकाला ही मांडणी जाचेल. मला मात्र पुस्तकातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच वाटला, आणि प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो त्यामुळेच.

वाचक कोण, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. हे पुस्तक ब्रिटनमध्ये राहणाऱ्या प्रौढ मराठी माणसासाठी आहे, आणि त्यातही सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे वळलेल्या माणसासाठी. ज्यानं कधी सिगारेट ओढलेली नाही त्यानं हौस म्हणून यात शिरण्याचं काहीही कारण नाही. भारतात तर हा उद्योग बेकायदाच आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत मजल जाते. नुसत्या साठ्यालाही सहा महिने किंवा पन्नास हजार. कायद्याचे शब्द 'संपूर्ण वस्तू किंवा तिचा कोणताही भाग' असे आहेत, म्हणजे घरी वळून विकलेली कॉइलही त्यातून सुटत नाही. दिवाळीला पुण्याला किंवा मडगावला येताना हे सामान बॅगेत टाकून आणणं म्हणजे आयात. लेस्टरच्या दुकानात सहज मिळतं म्हणून सगळीकडे चालत असेल, असं धरून चालू नये. सिंगापूरमध्ये २०१८ पासून जवळ बाळगणं आणि वापरणं हाही गुन्हा आहे, आणि तिथे उतरून पुढे जाणारे आपले लोक थोडे नाहीत.

आता यंत्राकडे. रीबिल्डेबल ॲटोमायझर म्हणजे धातूची एक गोल बैठक, साधारण २२ ते २४ मिलिमीटर व्यासाची, आणि तिच्यावर टोपी. बैठकीवर छोटे खांब असतात. एक खांब अंगाला जोडलेला, म्हणजे ऋण. दुसरा प्लॅस्टिकच्या कडीनं अंगापासून वेगळा ठेवून मधल्या खिळीला जोडलेला, म्हणजे धन. या दोन खांबांना तारेची वेटोळी जोडते. वेटोळ्यांतून कापसाची वात ओवलेली असते आणि वातीत प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचं मिश्रण मुरलेलं असतं. बटण दाबलं की तार तापते, द्रवाची वाफ होते, ओढणारा माणूस ती हवेबरोबर आत घेतो. वरून थेंब टाकायचे असतील तर त्याला आरडीए म्हणतात, बाजूला टाकी असेल तर आरटीए. दोन्हीच्या बुडाशी एकच आटा असतो: ७ मिलिमीटर व्यास, अर्धा मिलिमीटर अंतर. '५१०' नावाच्या एका जुन्या चिनी मॉडेलवरून तो आला आणि न ठरवताच सगळ्या जगाचा झाला. बाजारातलं जवळजवळ कुठलंही ॲटोमायझर जवळजवळ कुठल्याही मॉडवर, म्हणजे सेल आणि बटण असलेल्या खालच्या भागावर, बसतं ते या आट्यामुळे.

कारखान्यात तयार झालेली कॉइल आठवडा-दोन आठवड्यांत करपते आणि कचऱ्यात जाते. रीबिल्डेबलमध्ये कचऱ्यात जातो तो चिमूटभर कापूस आणि कधीतरी वीतभर तार. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदाच वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली, त्यामागे मुलांच्या हाती पडणारी रंगीत नळकांडी हे एक कारण होतं आणि कचऱ्यात जाणारे लिथियम सेल हे दुसरं. फेकाऊ मालाची लाट येण्याआधी कित्येक वर्षं लोक हेच यंत्र दुरुस्त करून वापरत होते, ही गोष्ट त्या चर्चेत फारशी कुणी काढली नाही.

तारेचा इतिहास व्हेपच्या इतिहासापेक्षा कितीतरी लांबचा आहे आणि मला तो जास्त रंजक वाटतो. जॉर्ज ओहम यांनी आपला नियम १८२७ मध्ये पुस्तकरूपानं मांडला तेव्हा जर्मनीत त्यांचं कौतुक झालं नाही; लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. त्याच वर्षी मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डचे, घरचा बिअरचा कारखाना असलेले जेम्स जूल यांनी दाखवून दिलं की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. प्रयोग कसा? तारेची गुंडाळी पाण्यात बुडवायची, वीज सोडायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं. द्रवात बुडालेली वेटोळी आणि तिला दिलेली मोजकी वीज. या पुस्तकाचा सगळा विषय त्या एका भांड्यात होता.

अडचण होती ती तारेची. लोखंड लाल झालं की हवेतल्या ऑक्सिजननं खाल्लं जातं, प्लॅटिनम परवडत नाही. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुतज्ज्ञाला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. साधारण ऐंशी भाग निकेल, वीस भाग क्रोमियम. तापल्यावर तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि आतला धातू वाचतो. विजेचा टोस्टर, इस्त्री, शेगडी या वस्तू घरोघर पोचल्या त्या या तारेच्या जिवावर. दुसरी तार स्वीडनची. हान्स फॉन कांत्सो यांनी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम एकत्र करून ती काढली आणि १९३१ पासून हाल्स्टाहामार गावातल्या कंपनीनं ती स्वतःच्या नावानं विकली: कांथाल. तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर येतो, म्हणजे जवळजवळ चिनीमातीच. व्हेपवाल्यांना या थराचा एक उपयोग होतो जो कांत्सोंच्या मनातही नसणार. वेढे एकमेकांना चिकटून ठेवले तरी थरामुळे वीज एका वेढ्यातून शेजारच्यात उडी मारत नाही, तारेच्या पूर्ण लांबीतून फिरते. नवी कोरी कॉइल आधी कुठेतरी एकाच ठिकाणी भडकते आणि दोन-चारदा हलकं तापवल्यावर शहाण्यासारखी वागू लागते, ती हा थर बसल्यामुळे.

ई-सिगारेट या सगळ्यानंतर आली. पेनसिल्व्हेनियातले हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६५ मध्ये ते मिळालं आणि पुढे काही झालं नाही. चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ मध्ये जे यंत्र तयार केलं त्याच्यापासून आजचा धंदा सुरू होतो. त्यांच्या पहिल्या रचनेत द्रवाचे तुषार उडवायला अल्ट्रासाउंडचं स्फटिक होतं. तापती तार टिकली कारण ती स्वस्त होती आणि बिघडली तर कळत होती. पुढे लोकांनी यंत्रं उघडली. आधी सिलिकाच्या दोरीभोवती तार गुंडाळली, मग स्टीलच्या जाळीची सुरळी करून पाहिली, आणि २०१३ च्या सुमारास जपानी कापसाच्या चेहरा पुसायच्या घड्या फाडून वाती करायला सुरुवात झाली. ग्रीस आणि फिलिपिन्समधल्या छोट्या कारखान्यांतून लेथवर कातलेले मॉड जगभर जाऊ लागले. वाती वळायचा परंपरागत हात असलेल्या आपल्या लोकांचा या सगळ्यात काही वाटा नाही, याची मला उगीचच चुटपुट लागते.

आता गणित. नवख्यासाठी पुस्तकानं निवडलेली कॉइल अगदी साधी आहे: कांथाल ए-१ ची गोल तार, २६ गेज, ३ मिलिमीटरच्या दांडीवर सात वेढे, अशा दोन कॉइली समांतर. हिशेब असा. २६ गेजची अमेरिकन मापाची तार ०.४०५ मिलिमीटर जाड असते आणि कांथालची असल्यास तिचा रोध मीटरला सुमारे ११.३ ओहम. एका वेढ्याची लांबी तारेच्या मध्यापासून मोजली तर १०.७ मिलिमीटर. सात वेढ्यांचे पंचाहत्तर, आणि खांबापर्यंत जाणाऱ्या दोन पायांचे मिळून दहा. एकूण ८५ मिलिमीटर, म्हणजे साधारण ०.९६ ओहम. दोन समांतर जोडल्या की निम्मे, ०.४८. पूर्ण भारलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट. भागाकार केला तर ८.७५ अँपिअर, आणि गुणाकार केला तर सुमारे ३७ वॅट.

या पावणेनऊ अँपिअरकडे वाचकानं थांबून पाहावं. आपल्याकडच्या एक हजार वॅटच्या विजेच्या शेगडीची कॉइल आठवा, मातीच्या थाळीतल्या नागमोडी खाचेत बसवलेली. तिचा रोध ५३ ओहमच्या आसपास असतो आणि २३० व्होल्टवर तिच्यातून जातात साडेचारपेक्षाही कमी अँपिअर. भाकरी भाजणाऱ्या शेगडीच्या दुप्पट प्रवाह या बोटाएवढ्या सेलमधून ओढला जातो, आणि तोही नवशिक्याच्या मवाळ कॉइलला. शेगडीच्या मागे भिंतीतली जाड तार आणि एमसीबी असतो. इथे सेल असतो आणि बऱ्याचदा खिसा असतो.

गेज या शब्दानं आपल्या माणसाचा हमखास घात होतो, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. कोल्हापूर-सांगलीकडे मोटर रिवायंडिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याचं गेज असतं एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिशांचं जुनं माप. व्हेपची तार मात्र, ब्रिटनमध्ये विकली जात असली तरी, बहुधा एडब्ल्यूजी या अमेरिकन मापानं विकतात. आकडा तोच, जाडी वेगळी. एसडब्ल्यूजीची २६ नंबरची तार ०.४५७ मिलिमीटर असते. वरचीच कॉइल त्या तारेनं वळली तर जोडीचा रोध ०.४८ वरून ०.३८ वर येतो आणि प्रवाह पावणेनऊवरून अकरावर जातो. वळणाऱ्याला वाटतं आपण पुस्तकाबरहुकूम केलं. तारेच्या रिळावर मिलिमीटर छापलेले असतात, ते वाचावेत, नंबर विसरावा. धातू बदलला तरी असाच फरक पडतो. त्याच मापाची नायक्रोमची जोडी ०.३६ ओहमच्या आसपास जाते, ३१६ जातीच्या स्टीलची पाव ओहमवर, म्हणजे पूर्ण भारलेल्या सेलवर सतरा अँपिअर. दिसायला चारही जोड्या एकसारख्या. डोळ्यांना न दिसणारा फरक ओहम मीटर दाखवतो. म्हणूनच पुस्तकात तो पहिल्या प्रकरणात आहे, आणि पहिली खरेदीही त्याचीच व्हावी.

सेलचं प्रकरण मी दोनदा वाचलं. व्हेपमध्ये जास्त चालतो तो १८६५०: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य गोल आकाराचं. चांगल्या सेलवर दोन आकडे असतात. किती वेळ चालेल ते मिलिअँपिअर-तासात, आणि सतत किती प्रवाह देऊ शकेल ते अँपिअरमध्ये. नवखा पहिल्या आकड्याला भुलतो. एकाच आकाराच्या डब्यात जास्त साठा कोंबायचा तर प्रवाह देण्याची ताकद बहुधा कमी करावी लागते, त्यामुळे मोठ्या आकड्याचा सेल पुष्कळदा या कामासाठी दुबळा असतो. २५०० मिलिअँपिअर-तास आणि २० अँपिअर ही नामांकित कंपन्यांच्या सेलची सरळ जोडी. अनोळखी वेष्टनावर पस्तीस-चाळीस अँपिअर लिहिलेले दिसले तर तो कागद रंगीत आहे एवढंच समजावं. वीस अँपिअरच्या सेलला ४.२ व्होल्टवर ०.२१ ओहमच्या खाली नेता येत नाही. त्या रेषेला चिकटूनही राहू नये. सेल जुना होतो तशी त्याची ऐपत कमी होते.

बोर्ड असलेला, म्हणजे रेग्युलेटेड, मॉड घेतला की काळजी संपली असं समजणारे पुष्कळ आहेत. बोर्ड रोध मोजतो, शॉर्ट असेल तर वीज सोडत नाही, हे खरं. पण त्याला चाळीस वॅट सांगितले की तो चाळीस वॅट देणारच, सेल भरलेला असो की रिकामा होत आलेला. दाब ३.२ व्होल्टवर उतरला की त्याच चाळीस वॅटसाठी साडेबारा अँपिअर लागतात, आणि बोर्डाची स्वतःची गळती धरली तर चौदाच्या जवळपास. म्हणजे सेल थकत जातो तसा त्याच्यावरचा भार वाढत जातो. हिशेब नेहमी थकलेल्या सेलचा करावा.

आणि वेष्टन. १८६५० चं सगळं अंग, बुडापासून पार वरच्या कडेपर्यंत, ऋण असतं. धन टोक आणि ती कड यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या पातळ चकतीचं अंतर. बाहेरचं कागदासारखं वेष्टन वरच्या बाजूला एवढंसं फाटलं तरी मॉडचा धातू दोन्हीला टेकू शकतो. खिशात किल्ल्या आणि सुटी नाणी यांच्याबरोबर सुटा सेल टाकणाऱ्यांच्या मांड्या भाजल्याच्या बातम्या अनेक देशांतून आल्या आहेत. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ च्या सुरुवातीला टेक्ससमध्ये व्हेपचा स्फोट होऊन माणसं दगावली. सेल ठेवायची प्लॅस्टिकची डबी अगदी स्वस्त मिळते.

इतकं झाल्यावर वळण्याचं काम. ते खरोखर सोपं आहे, आणि या प्रकरणात भाषा मोकळी होते ती त्यामुळे. तार दांडीवर धरायची, अंगठ्यानं पहिला पाय दाबायचा, आणि ताण न सोडता वेढे घ्यायचे. ताण सुटला की वेढे फुगतात. दांडी म्हणून ड्रिल बिटचं गुळगुळीत टोक उत्तम. मापाचं असतं आणि घरात असतंच. दोन कॉइली बसवायच्या तर दोन्हींचे वेढे आणि पायांची लांबी सारखी हवी, नाहीतर आखूड कॉइल जास्त प्रवाह खाते, आधी तापते आणि दुसरी तिच्याकडे बघत बसते. स्क्रू आवळताना तो ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेनं पाय खांबाला घालावा म्हणजे आवळताना तार आत ओढली जाते. उलट घातली तर बाहेर ढकलली जाते. फार आवळलं तर पातळ तार तुटते. जादा टोकं अगदी कडेला कापायची, कारण उरलेलं अर्ध्या मिलिमीटरचं टोक टोपीला टेकलं तरी शॉर्ट होतो. म्हणून मीटर दोनदा लावायचा: उघड्या बैठकीवर एकदा, टोपी चढवल्यावर पुन्हा एकदा. दोन आकडे जुळले नाहीत तर काहीतरी टेकलंय. आकडा नाचत असेल तर स्क्रू ढिला आहे.

मग कमी वॅटवर क्षणभर बटण दाबून सोडायचं. चांगली कॉइल मधून लाल होते आणि लाली दोन्ही कडांकडे पसरते, कारण कडेची उष्णता खांब ओढून नेतात. एखादा वेढा आधीच पांढरटपणाकडे झुकला, किंवा पाय आधी लाल झाला, तर कुठेतरी वेढे नीट टेकलेले नाहीत. चिनीमातीच्या टोकाचा चिमटा असतो. बटण सोडून त्यानं वेढ्यांवरून हलकेच खरडायचं, मग गरम असतानाच दोन्ही बाजूंनी दाबायचं. बटण दाबलेलं असताना लोखंडी चिमटा लावणं म्हणजे आपण होऊन शॉर्ट करणं. हे सगळं कांथाल आणि नायक्रोमला चालतं. २०१४ मध्ये तापमान नियंत्रित करणारे बोर्ड आले तेव्हापासून शुद्ध निकेल आणि टायटॅनियमच्या तारा बाजारात दिसू लागल्या. तापल्यावर त्यांचा रोध ठळकपणे वाढतो आणि बोर्ड त्यावरून तापमान ओळखतो. या दोन तारा कोरड्या लाल करायच्या नाहीत. नवख्यानं त्यांच्या वाटेला जाऊच नये. तापमान नियंत्रण हवंच असेल तर स्टील पुरे आहे.

वात हा भाग लोक घाईत उरकतात, आणि चव बिघडल्यावर दोष तारेला देतात. कापूस कॉइलमधून ओढताना किंचित अडला पाहिजे, कॉइल सरकता कामा नये. जास्त कोंबला तर द्रव आतपर्यंत पोचत नाही. कमी पडला तर टाकी गळते, खालून हवेच्या भोकातून थेंब येतात. ग्लिसरीन घट्ट असतं, त्याचं प्रमाण सत्तर-ऐंशी टक्के असेल तर वातीच्या शेपट्या थोड्या विरळ कराव्यात. हे प्रमाण हातालाच कळतं. ज्याला समईची वात वळता येते त्याला ते लवकर कळेल, असा माझा अंदाज.

कोरडी वात ही नुसती चवीची बाब नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. द्रव आहे तोवर तार फार वर जाऊ शकत नाही, कारण सगळी उष्णता वाफ होण्यात खर्च होते. द्रव संपला की तापमान उसळतं, कापूस करपतो, आणि ग्लिसरीन-ग्लायकॉल तुटून फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन यांसारखे पदार्थ तयार होतात. जानेवारी २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पत्र आलं: यंत्र ३.३ व्होल्टवर असताना काही सापडलं नाही, ५ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं भरपूर. त्यावर ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांचं म्हणणं असं की त्या दाबाला वात कोरडी पडते, घशाला असह्य चटका बसतो आणि माणूस तसा झुरका घेतच नाही. यंत्राला मात्र घसा नसतो. त्यांनी अनुभवी लोकांना ओढायला लावून त्याच वर्षी तसं दाखवलं. मला दोन्ही बाजूंतून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: करपट चव आली की त्याच क्षणी थांबायचं, 'आणखी एक झुरका' करायचा नाही.

प्रकृतीबद्दल याहून जास्त दावे या पुस्तकात नाहीत, ते बरं झालं. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं २०१५ मध्ये व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं आणि 'लॅन्सेट'नं लगेच त्या आकड्याच्या पायावर टीका केली. सिगारेटपेक्षा बरं आणि स्वच्छ हवेपेक्षा वाईट, इतकं मी मानतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या आजाराची साथ आली, फेब्रुवारी २०२० पर्यंत दोन हजार आठशेहून जास्त रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तिचा मुख्य संबंध गांजाच्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी लागला. कॉइलचा त्यात दोष नव्हता, पण अनोळखी बाटलीतला द्रव घ्यायचा नाही हे त्यातून कळायला हरकत नाही. ब्रिटनच्या नियमांनुसार निकोटिनच्या बाटलीला १० मिलिलिटरची आणि मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तेवढीही बाटली लहान मुलाच्या पोटात गेली तर जिवाशी गाठ आहे. टेबलावर कॉइल वळत बसणाऱ्यानं बाटली कुलपात ठेवून मग तार हातात घ्यावी.

शेवटी, या पुस्तकात काय नाही त्याबद्दल. क्लॅप्टन कॉइल नाही. जाड तारेवर बारीक तार गुंडाळून ती केली जाते, गिटारच्या जाड तारेसारखी दिसते म्हणून गिटारवादक क्लॅप्टन यांचं नाव मिळालं. तिच्यापुढे फ्यूज्ड क्लॅप्टन, स्टेपल, एलियन अशी घराणी आहेत. स्पर्धेत ठेवायला देखण्या, चवीलाही थोड्या उजव्या असतील. पण त्यांत धातू जास्त, तापायला वेळ जास्त, वॅट जास्त आणि रोध फार खाली. साधी गोल तार दोन-तीन महिने वापरून ज्याचा हिशेब तोंडपाठ झाला आहे, त्यानं तिकडे जावं. बिनबोर्डाचे मेकॅनिकल मॉडही नाहीत. त्यांत बटण, नळी आणि सेल एवढंच असतं, मध्ये चूक अडवणारं काही नाही. काही नळ्यांत तर ॲटोमायझरची मधली खिळी थेट सेलला टेकते, आणि ती खिळी पुरेशी पुढे आलेली नसेल तर आट्याची कड सेलच्या धन टोकाला लागून सेल जागीच शॉर्ट होतो. एकावर एक दोन सेल रचून ८.४ व्होल्ट करायची हौस तर वेगळीच: वर हिशेब केलेली ०.४८ ओहमची तीच मवाळ जोडी तिथे साडेसतरा अँपिअर मागते, आणि तेच साडेसतरा दोन्ही सेलमधून जातात. मेकॅनिकल मॉडचं प्रकरण घालावं असा आग्रह काही जणांनी धरला होता. लेखकानं तो मानला नाही. पुढच्या आवृत्तीतही तो मानू नये.